पहिला गेम एका पानाचा करा

तुम्हाला रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकत खेळायचा खेळ) लिहायचाय, आणि ३०० पानांचं नियमपुस्तक, स्वतःचं जग, नकाशे, राक्षसांची फौज असा तुमचा बेत आहे. उत्साह भारीच आहे, आणि तो टिकावा म्हणूनच सांगतो: ते सगळं बाजूला ठेवा आणि आधी एका पानाचा रोलप्लेइंग गेम पूर्ण करा. गेम डिझायनर जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) बघा. प्रत्येक पात्राला २ ते ५ मधला एकच आकडा. डोक्याचं काम असेल तर फासा त्याच्या खाली पडायला हवा, मनाचं असेल तर वर. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ रंगते!

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- अर्धाकच्चा असतानाच खेळायला घ्या. दोन-तीनदा स्वतः चालवून झाला की कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही तोंड उघडू नका. खेळणारे अडून तुमच्याकडे बघतील ती प्रत्येक जागा वहीत टिपा. तिथला नियम कागदावर आलेलाच नाही, तो अजून तुमच्या डोक्यात आहे. याच्याइतकं दुसरं काहीच शिकवत नाही.
- फाशांचं गणित मांडा. दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त येण्याची शक्यता ३६ पैकी २१. बेरजेत नुसता +१ चा बोनस दिलात की ३६ पैकी २६. नवखे लेखक असे बोनस खिरापतीसारखे वाटत सुटतात आणि खेळातली धाकधूकच जाते.
- चित्रांवर आत्ता खर्च नको.

गेम झाला की पीडीएफ इच डॉट आयओ या गेम विकायच्या वेबसाइटवर टाका, किंमत ऐच्छिक ठेवा आणि दुसरा गेम लिहायला बसा. छपाई, क्राउडफंडिंग (लोकांकडून आधीच पैसे उभे करणं) वगैरे तिसऱ्या-चौथ्या गेमनंतर बोलू.