गोळ्या लागू पडत नाहीत, इम्प्लांट करून घेऊ का?

वय ५४, जुना मधुमेह, गोळ्यांनी ताठरपणा येत नाही, डॉक्टरांनी लिंगात बसवायचं इम्प्लांट सुचवलंय आणि घरी अजून काही बोललेलो नाही, असं तुम्ही लिहिलंय. दादा, आधी वहिनींना सांगा आणि पुढच्या भेटीला सोबत न्या. माझी शस्त्रक्रिया होऊन काही वर्षं झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून नमुना हातात दिला, तेव्हा हिने विचारलेले प्रश्न मला सुचलेच नसते.

इथून मागे फिरता येत नाही, हे पक्कं समजून घ्या. रक्त भरून लिंग ताठ करणाऱ्या ज्या दोन पोकळ्या असतात, त्यांतच इम्प्लांटचे सिलिंडर, म्हणजे नळ्या किंवा दांड्या, बसतात. पुढे ते काढले तरी नैसर्गिक ताठरपणा परत येईल, ही आशा धरायची नाही. म्हणून आधीचे उपाय खरंच संपलेत का ते बघा. सिल्डेनाफिल ही ताठरपणाची गोळी भरपेट जेवणावर घेतली की उशिरा आणि कमी लागू पडते, शिवाय उत्तेजना नसेल तर काहीच होत नाही. सॉर्बिट्रेटसारखं हृदयविकाराच्या छातीदुखीवरचं नायट्रेट औषध चालू असेल तर मात्र या गोळ्यांना हात लावू नका, रक्तदाब धोकादायक उतरतो. लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि व्हॅक्यूम पंप यांबद्दलही विचारा. आणि हृदयाची तपासणी कराच. लिंगाच्या धमन्या बारीक असल्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी आधी इथेच दिसतो.

इम्प्लांट मुख्यतः दोन तऱ्हांची. एक वाकवता येणाऱ्या दांड्यांचं. मुंबईच्या डॉ. रुपिन शहांनी विकसित केलेलं भारतीय इम्प्लांट याच प्रकारचं, परदेशी फुगवत्या इम्प्लांटपेक्षा बरंच स्वस्त. दुसरं फुगवता येणारं, जे अमेरिकेत डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये पुढे आणलं. त्याच्या तीन भागांच्या प्रकारात अंडकोशात पंप आणि ओटीपोटात सलाइनची छोटी पिशवी असते. पंप दाबला की सिलिंडर भरतात, नंतर बटण दाबून रिकामे करायचे. दिसायला हे अधिक नैसर्गिक, पण यंत्र म्हटल्यावर ते काही वर्षांनी बिघडू शकतं आणि बदलावं लागतं. मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील तर पंप चाचपणं जड जातं, तेव्हा हे डॉक्टरांना सांगा.

लांबी वाढत नाही, काहींना थोडी कमीच वाटते. पुढचं बोंड फुगत नाही. इच्छा इम्प्लांटने वाढत नाही; संवेदना आणि वीर्यस्खलन बहुतेकांचं आधी होतं तसंच राहतं. पहिले काही आठवडे दुखतं, आणि संबंधांना साधारण सहा आठवडे थांबावं लागतं.

मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या शुगरची वाटते. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) आटोक्यात येईपर्यंत तारीख घेऊ नका. आणि सर्जनना सरळ विचारा, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? या कामात हात बसलेलाच माणूस हवा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा.