चौथी-पाचवीच्या मुलांना नकाशावाचन कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं जिल्ह्याच्या नकाशात तालुके बिनचूक भरतात, पण "शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की नदी कुठल्या दिशेला?" असं विचारलं की गप्प बसतात. मी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. जवळजवळ प्रत्येक वर्गात हेच दिसतं. माझा पहिला सल्ला: भिंतीवरचा नकाशा खाली उतरवा. तो जमिनीवर अंथरा, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा आणि मुलांना भोवती बसवा. भिंतीवर उत्तर दिशा आभाळाकडे जाते. मग मुलं "काश्मीर वर, केरळ खाली" म्हणतात आणि सगळ्या नद्या कागदाच्या खालच्या कडेकडेच वाहतात असं धरून चालतात.

खरी उत्तर मुलांनाच शोधू द्या. मैदानात सरळ काठी रोवा. बारा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायला सांगा. सगळ्यांत आखूड सावली जिकडे पडते ती उत्तर. हे डिसेंबर-जानेवारीत करा. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यानंतर जुलै अखेरपर्यंत आमच्या साताऱ्याकडे भर दुपारची सावली दक्षिणेला पडते आणि मुलं गोंधळतात. सापडलेली उत्तर वर्गाच्या फरशीवर रंगाने कायमची आखून ठेवा.

मग वर्गाचाच नकाशा काढा. अंतर आधी पावलांनी मोजू द्या. प्रत्येकाची पावलं वेगळी भरतात, भांडण होतं, ते होऊ द्या. मीटरपट्टी त्यांनीच मागितली पाहिजे. चौकटीच्या वहीत एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरून वर्ग काढला की तोच वर्ग पुन्हा एक सेंटिमीटरला दोन मीटर धरून काढायला लावा. "बाई, आता डबे ठेवायची फळी मावत नाही!" असं कुणीतरी म्हणतंच. प्रमाण बदललं की नकाशातून काय गाळावं लागतं, हे तिथे कळतं. व्याख्या फळ्यावर नंतर लिहा. सूचीचंही, म्हणजे कुठलं चिन्ह कशासाठी हे सांगणाऱ्या यादीचंही तसंच, चिन्हं मुलांनीच ठरवावीत. फक्त दोन गोष्टींना एकच चिन्ह चालणार नाही, एवढा नियम घाला.

डोंगर दाखवणं सगळ्यांत अवघड, म्हणून त्यावर जास्त वेळ द्या. घमेल्यात चिकणमातीचा डोंगर करा, एक बाजू कड्यासारखी, दुसरी उतरती. बोटभर पाणी ओता आणि पाणी जिथे टेकतं तिथे खिळ्याने मातीवर रेघ ओढायला सांगा. आणखी बोटभर, आणखी एक रेघ, असं शिखरापर्यंत. पाणी काढून टाका आणि मुलांना बाकावर उभं राहून थेट वरून बघू द्या. कड्याकडे रेघा दाट, उताराकडे विरळ. जे दिसतं ते कागदावर उतरवलं की समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा झाल्या. पाचवीला "समोच्च रेषा" हा शब्द पाठ झाला नाही तरी चालेल, पण दाट रेघा बघून "इथून चढायला दम लागेल" असं मूल म्हणालं पाहिजे.

यानंतर छापील नकाशा हातात द्या. आमच्याकडे मी महाबळेश्वरपासून सुरुवात करते. कृष्णा आणि कोयना, दोघींचा उगम तिथलाच, पण वेगळ्या वाटांनी येऊन त्या कराडला भेटतात. सावित्रीही तिथलीच, ती मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते. तिन्ही वाटांवरून बोट फिरवायला लावा, बोट जिकडे वळेल ती दिशा मोठ्याने म्हणायला लावा. तुमच्या जिल्ह्यात तुमच्या नद्या घ्या. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार असल्याने तो नकाशा शाळेत असतोच.

शेवटचा टप्पा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाचा, म्हणजे लहान भागातले चढउतार, ओढे, रस्ते, वस्त्या बारकाईने दाखवणाऱ्या नकाशाचा. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तो विनाशुल्क उतरवून घेता येतो. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात गावाची वस्ती, रस्ते, ओढा, देऊळ शोधायला लावा. सर्वेक्षण काही वर्षांपूर्वीचं असल्यामुळे नवी वाडी किंवा नवा पूल त्यात नसेल. गटागटाने गावात फिरून काय काय राहिलंय ते पेन्सिलीने भरायला सांगा आणि त्याच कामावरून गुण द्या.