मेलेले मासे दिसत नाहीत, म्हणजे नदीतल्या औषधांनी अपाय होत नाही का?

तुमचा प्रश्न असा: पांझरा नदीत घराघरांतून आणि दवाखान्यांतून औषधं मिसळतात म्हणे, पण मेलेले मासे तर दिसत नाहीत, मग अपाय होतो तरी कसा, आणि तिथले मासे खावेत का? माझं धुळ्यात मेडिकल आहे, शिक्षण फार्मसीचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेलेल्या माशांवरून औषधांचा अंदाज बांधू नका. उन्हाळ्यात पहाटे डोहात पांढरी पोटं वर आलेली दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा ऑक्सिजन संपणं हे असतं. सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, रात्री शेवाळंही तोच वापरतं, आणि उजाडायच्या आत साठा संपतो. मरण्याआधी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत राहतात. नदीत पोचणारं औषध इतकं थोडं असतं की त्याने मासा सहसा असा तडकाफडकी मरत नाही. तो जगतो, पोहतो, जाळ्यातही येतो. फक्त त्याची वीण बिघडलेली असते, नाहीतर मूत्रपिंड.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण कॅनडातलं आहे. ओंटारिओत केवळ प्रयोगांसाठी राखलेली तळी आहेत. त्यातल्या एका तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले पाच-सहा घ्या. तेवढ्यावर नर माशांच्या यकृतात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, जे एरवी मादीच बनवते. नराला त्याचा काही उपयोग नाही, उलट मूत्रपिंडावर ताण. अंडकोषांची वाढ बिघडली, पिलं होईनात, आणि मिनो नावाचा बोटाएवढा मासा त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याला खाऊन जगणारा मोठा ट्राउटही रोडावला. इस्ट्रोजेन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांत मिनो पुन्हा वाढले. मला यातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते.

इतक्या थोड्याने एवढं कसं होतं? गोळी माणसाच्या पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, काम करते, तसाच रिसेप्टर माशातही असतो. आपण गोळी दिवसातून एक-दोनदा घेतो. मासा त्या पाण्यातच राहतो आणि कल्ल्यांमधून ते सतत आत घेतो. त्याचा डोस कधी संपतच नाही.

मेंदूवरच्या औषधांचं तेच. 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी पर्च माशाला चिंता कमी करणाऱ्या ऑक्झाझेपामच्या पाण्यात ठेवलं. मासे धीट झाले, थवा सोडून एकटे फिरू लागले, भराभर खाऊ लागले. ऐकायला बरं वाटतं, पण थवा सोडलेला मासा शिकाऱ्याला आयता सापडतो. आणि आपल्या रोजच्या विक्रीतलं दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक: लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमला ट्राउटच्या मूत्रपिंडात आणि कल्ल्यांत बिघाड दिसला आहे. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन मूत्रपिंडं निकामी झाली आणि गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

कारखान्यांचं प्रमाण तर वेगळंच. हैदराबादजवळच्या पटानचेरूला अनेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र प्रक्रिया करून सोडत. 2007 मध्ये तिथल्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

आपल्याकडे काळजीचं कारण पाण्याचा तुटवडा. पावसाळ्यात तापी-पांझरा भरून वाहतात तेव्हा सगळं पातळ होतं. मार्च-एप्रिलनंतर पात्रात डबकी उरतात आणि त्यात येतं ते बरंचसं नाल्याचं पाणी. मरळ, शिंगटा, वाम सगळे त्याच डबक्यात दाटीने. सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलं तरी ते मुख्यतः घाण आणि गाळ काढण्यासाठी बांधलेलं असतं, विरघळलेली औषधं त्यातून बरीचशी निसटतात. त्यासाठी ओझोन नाहीतर सक्रिय कोळशाचा वेगळा टप्पा लागतो. स्वित्झर्लंडने 2016 पासून मोठ्या केंद्रांना तो टप्प्याटप्प्याने बसवायला घेतला.

खाण्याबद्दल. माशाच्या मांसात उतरणारं औषध सहसा एका गोळीच्या पासंगालाही पुरत नाही, त्याला घाबरू नका. मला खरी भीती वाटते ती प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची, जे अशा पाण्यात वाढतात. नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा घेऊ नका. कल्ले, आतडी काढून टाका, विळी आणि हात साबणाने धुवा, मासा नीट शिजवा. शिजवल्यावर ते जंतू मरतात. धोका साफ करतानाच जास्त.

आणि एक विनंती. दुकानात काकू हमखास सांगतात, ‘उरलेलं सिरप मोरीत ओतून दिलं, बाटली धुऊन ठेवली.’ असं करू नका. आपण गिळलेलं औषध लघवीवाटे जातं, त्याला इलाज नाही, पण मोरीत ओतलेलं सगळंच्या सगळं नाल्यात जातं. उरलेल्या गोळ्या कुणी परत घेतं का ते आपल्या मेडिकलवाल्याला विचारा. घेत नसतील तर गोळ्या पट्टीतून काढून माती किंवा चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर पाचच दिवसांचं घ्या आणि पूर्ण घ्या, म्हणजे उरणारच नाही. नदीत कधी एकदम मासे मेलेले दिसले तर त्याच सकाळी स्वच्छ बाटलीत पाणी भरून ठेवा, वेळ दिसेल असे फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. उशीर केला तर पाणी वाहून जातं आणि तपासायला काही उरत नाही.