म्हैसमाळ-खुलताबादकडं डोंगरात घर घ्यायचंय, परिसर कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की रिटायर झाल्यावर संभाजीनगर सोडून डोंगरात राहायचंय, म्हैसमाळला माथ्यावर एक तयार बंगला बघितलाय, व्ह्यू एक नंबर आहे, पण आजूबाजूचा भाग चांगला की वाईट हे ओळखायचं कसं. मी यात एकदा पोळलेला माणूस आहे त्यामुळं जरा लांबण लावतो.

व्ह्यू राहू द्या बाजूला. मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी रात्री तिथं जा आणि किती घरात लाईट चालूय ते मोजा. मी 2014 ला तिकडंच कड्याजवळ एका प्लॉटिंगमधे छोटं घर घेतलं. बघायला गेलतो श्रावणात, ढग अंगावरून चाललेले, बायको म्हणली आता इथंच. सोळा बंगले, प्रत्येकापुढं गाडी, आम्हाला वाटलं काय शेजार आहे राव. राहायला गेल्यावर कळलं की तो रविवार होता. सोळापैकी चौदा घरांना आठवडाभर कुलूप, एकात वॉचमन अन् एकात आम्ही.

आता यानं काय बिघडतं तर सगळंच बिघडतं. डीपी (लाईटचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की गावात काय होतं, दहा शेतकऱ्यांच्या मोटारी बंद पडतात, ते दहा जण लाईनमनला फोन करकरून हैराण करतात, वर्गणी काढून गाडी करतात आणि दोन-तीन दिवसांत डीपी बदलून आणतात. आमचा डीपी जळाला तेव्हा फोन करणारा मी एकटा, अकरा दिवस अंधारात. बाकीच्यांना पत्ताच नाही, त्यांना पुढच्या शनिवारी कळलं अन् ते परत गेले.

पाण्याचं तर विचारूच नका. आपला सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, पाणी थांबणार फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात. माथ्यावर कितीही धो धो पडू द्या, ते कड्यावरून खाली जातं अन् झिरपून पायथ्याच्या विहिरींना लागतं. म्हणजे वर व्ह्यू अन् खाली पाणी. माझं बोअर पहिल्याच वर्षी होळीला आटलं. 2016 चा उन्हाळा आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. सरकारी टँकर गाव-वस्तीला मंजूर होतो, ग्रामपंचायतीच्या मागणीवर, आमचं प्लॉटिंग त्यांच्या यादीतच नव्हतं. खाजगी टँकरवाला म्हणला चढावर क्लच जातो, एका घरासाठी फेरी परवडत नाही. त्यामुळं बंगलेवाल्याला बोअर किती फूट विचारू नका, तो सांगंल सहाशे. खाली उतरून दोन-चार शेतकऱ्यांना विचारा की विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवती.

रस्त्याची भानगड अशी की सातबारा कितीही कोरा असला तरी रस्ता त्यावर कळत नाही, भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढून बघा. आमचा रस्ता एकाच्या वावरातून होता, त्याचं प्लॉटिंगवाल्याशी (नाव घेत नाही, आता तो दुसरीकडं प्लॉट पाडतोय) फाटलं अन् ऐन पेरणीत त्यानं मधोमध चर खोदली. चूक त्याची नव्हती म्हणा, कागदावर रस्ता कुठंच नव्हता. कागदात अजून एक, खुलताबादच्या आसपास इनामी जमिनी लई आहेत, दर्ग्याच्या, देवस्थानाच्या. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा इनाम असं काही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. जमीन एनए (बिनशेती) नसेल अन् तुम्ही शेतकरी नसाल तरीबी आधी वकीलच, मराठवाड्याला 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागतो, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचं ऐकून चालू नका. आणि वेरूळकडं बघत असाल तर लेण्यांसारख्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरात नवीन बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते.

गर्दीचं जो तो सांगतो पण मला ते एवढं जड वाटत नाही. श्रावणात खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर पायी जाणारे असतात, सोमवारी घृष्णेश्वर, दौलताबादच्या दरवाजात गाड्या अडकतात. ठरलेले दिवस आहेत, त्या दिवशी खाली उतरायचं नाही बस. फक्त बीपी-शुगरवाले असाल तर रविवारी घरापासून संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यापर्यंत एकदा स्वतः गाडी चालवून वेळ लावा.

माकडांचं कुणी सांगत नाही, सोलरच्या पाइपा मोडतात.

शेवटी 2018 ला ते घर तोट्यात विकलं अन् शुलिभंजनच्या बाजूला खाली, गावठाणाला लागून जुनं घर घेतलं. खिडकीतून दरी दिसत नाही, समोरच्यांचा गोठा दिसतो. पण किराणा दुकान चालत पाच मिनिटं, पाणी आटलं तर गावाच्या टँकरमधे आपला बॅरल लागतो, आणि मी दोन दिवस दिसलो नाही तर शेजारची आजी दार वाजवती, काका हायेत का म्हणून.

तुमचा तो बंगला घ्यायचाच असेल तर मालकाला म्हणा आधी एप्रिल ते जून भाड्यानं द्या. तो कामून नाही म्हणतो ते बघा.