इजिप्तचे पहिले राष्ट्राध्यक्ष नासेर होते ना? मग हे मोहम्मद नगीब कोण?

पहिले राष्ट्राध्यक्ष नगीबच. नासेर त्यांच्यानंतरचे. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण खुद्द इजिप्तमध्येच हे नाव कित्येक वर्षं दडपलं गेलं होतं.

जुलै १९५२मध्ये राजा फारुकला हटवणारे लष्करी अधिकारी बहुतेक तिशीतले, लोकांना अनोळखी. म्हणून पुढे केले जनरल नगीब. वय एक्कावन्न, १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात जखमी झालेले, लोकांत मान असलेले. २६ जुलैला फारुक अलेक्झांड्रियाहून ‘महरूसा’ जहाजाने निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला नगीब स्वतः गेले होते.

जून १९५३मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्यांचं म्हणणं होतं की सैन्याने बराकीत परतावं आणि संसद पुन्हा आणावी. या अधिकाऱ्यांचे खरे नेते असलेल्या नासेरना ते कसं पटणार! फेब्रुवारी १९५४मध्ये नगीबनी राजीनामा दिला, लोक रस्त्यावर उतरले म्हणून परत आले. नोव्हेंबरमध्ये मात्र त्यांना कायमचं बाजूला केलं गेलं.

पुढची सुमारे सतरा वर्षं कैरोबाहेर मर्ग इथल्या एका बंगल्यात नजरकैद. हा बंगला माजी पंतप्रधान नह्हास पाशांच्या पत्नीचा, क्रांतीनंतर जप्त केलेला. तिथे सोबतीला कुत्री आणि मांजरं. १९७१मध्ये नासेरनंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी सुटका केली. २८ ऑगस्ट १९८४ला ते वारले. अंत्यविधी लष्करी इतमामात झाला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुबारकही हजर होते.

आता कैरोत त्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे.