डोळ्यांसमोर येणारं चित्र मोजायचं कसं?

प्रश्न: ताई, दिवाळीच्या आधी बायपासवर माझ्या मिस्टरांचा अॅक्सिडेंट झाला. ते आता ठणठणीत आहेत, ऑफिसला पण जातात, पण मला मात्र ते रक्ताळलेलं हेल्मेट सारखं दिसतं, पोळ्या करताना, पलासियाच्या सिग्नलवर, कधीही. काउन्सेलर मॅडमनी डायरी दिलीय, चित्र किती वेळा आलं, किती स्पष्ट होतं, त्रास किती झाला ० ते १०० मध्ये लिहा म्हणून. सासूबाई म्हणतात लिहून लिहून ते अजून घट्ट बसेल. आणि डोक्यातलं चित्र मोजता येतं का हो?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: येतं, आणि तुम्ही डायरी लिहाच. फक्त चित्राचं वर्णन करत बसू नका, "हेल्मेट, सिग्नल, ७०" एवढं लिहून वही बंद करायची, म्हणजे सासूबाईंची काळजीही मिटेल. तरी त्रास वाढतोय वाटलं तर मॅडमना लगेच सांगा.

त्रासाचं हे ० ते १०० वालं माप मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांचं, १९६०च्या दशकातलं, आजही जगभर वापरतात. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांनी १६ प्रश्नांची प्रश्नावली केली, त्यात ओळखीचा चेहरा, उगवता सूर्य वगैरे डोळ्यांसमोर आणून किती स्पष्ट दिसतं ते सांगायचं, पण त्रासाबद्दल त्यात काहीच नाही. मानसिक धक्क्यानंतर देतात ती २२ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या सात दिवसांचं विचारते, झोप, चिडचिड, टाळाटाळ सगळं, त्यात चित्रांबद्दल अगदी थोडं, आणि शेवटी नुसत्या चित्रांचा वेगळा आकडा मिळतच नाही. म्हणून डायरी लागते, नाहीतर आठवड्याने विचारलं की आपण म्हणणार "सारखंच येतं".

माझं कळकळीचं सांगणं, किती वेळा, किती स्पष्ट आणि किती त्रास, हे डायरीतले आकडे एकत्र करू नका. चित्र दिवसातून दहादा येऊन पटकन जाऊ शकतं, किंवा एकदाच येऊन अख्खी संध्याकाळ खाऊन टाकतं, आणि अंधूक असलं म्हणून त्रास कमी असतो असंही नाही. अजून दोन रकाने पाडा. एक, ते आत्ता घडतंय असं वाटलं का, कारण धक्क्यानंतरच्या आजारात हे फार महत्त्वाचं असतं. दुसरा, चित्र आल्यावर तुम्ही काय केलंत, मिस्टरांना फोन लावला, रस्ता बदलला, काहीही. पलासियावरून जाणंच सोडलंत आणि आकडा उतरला, तर ती सुधारणा नाही हो, आणि नुसत्या आकड्यावरून मॅडमना ते कळणार पण नाही.

दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करू नका, तुमचे ७० आणि तिचे ७० वेगळे. तुमचा मागचा आठवडा आणि हा आठवडा, बस.

आणि कोणालाही स्वतःच्या मरणाची चित्रं दिसत असतील, विशेषतः ती बघून बरं वाटत असेल, तर डायरी भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, रात्रीही लागतो.