वाचकांचे प्रश्न : बोटीची वायरिंग, दोराची टोके आणि हीट श्रिंक ट्यूब

प्रश्न : आमच्या मच्छीमार बोटीवर बिल्ज पंपाच्या (तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) वायरीचा जोड टेपऐवजी श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, घालून केला. तरी एका हंगामात तांबे हिरवे पडून जोड तुटला. ट्यूब खराब निघाली का? – नौकामालक, हर्णै

ट्यूब खराब नसावी, जात चुकली असावी. दुकानात सर्रास मिळते ती एकेरी, पातळ ट्यूब. ती आवळते, पण चिकटत नाही. वायरीचे प्लास्टिक आणि ट्यूब यांच्यात राहिलेल्या बारीक फटीतून खारे पाणी आत जाते आणि तिथेच कोंडून राहते. पॅनेलच्या आत, कोरड्या जागी ही ट्यूब चालते. बोटीच्या तळाशी, इंजिनाजवळ किंवा डेकवर मात्र आतून गोंदाचा थर असलेलीच ट्यूब हवी. दुकानात ‘ग्लूवाली’ किंवा ‘डबल वॉल’ म्हणून मागा. तापवल्यावर तो गोंद वितळून फटी भरतो आणि थंड झाला की वायरीला धरून बसतो.

बिल्ज पंपाचाच जोड आधी का जातो, त्यालाही कारण आहे. फ्लोट स्विचची (पाणी वाढले की पंप आपोआप सुरू करणाऱ्या स्विचची) पॉझिटिव्ह वायर बॅटरीला कायम जोडलेली असते, बोट बंदरात उभी असली तरी. ओल्या जोडातून थोडा थोडा करंट पाण्यात जात राहतो आणि पॉझिटिव्ह बाजूचे तांबे झिजते. त्यामुळे लाल वायरीचा जोड काळ्याच्या आधी तुटतो.

नवा जोड करताना वायर मागे सोलत जा आणि तांबे चकचकीत लागेपर्यंत कापा. पाणी तारांमधून वातीसारखे वर चढते, म्हणून वरचे प्लास्टिक धड दिसत असले तरी आतले तांबे बरेच लांबपर्यंत काळे पडलेले असू शकते. काळ्या तांब्यावर कितीही चांगली ट्यूब चढवली तरी उपयोग नाही. शक्य असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची, म्हणजे टिन्ड वायर घ्या. आणि जोड पाण्याच्या पातळीच्या वर, उंच बांधा. पाण्यात बुडून राहणारा जोड करूच नये, ट्यूब कितीही महाग असली तरी.

प्रश्न : दुकानदार ‘किती एमएम, टू इज टू वन की थ्री इज टू वन’ असे विचारतो. काय सांगायचे?

पहिला आकडा तापवण्याआधीचा आतला व्यास. दुसरा आकडा ती किती आवळते ते सांगतो. ६ मिमीची २:१ ट्यूब ३ मिमीपर्यंत येते, ३:१ असेल तर २ मिमीपर्यंत. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : जोडाच्या सर्वांत जाड भागावरून ती सहज सरकली पाहिजे आणि पूर्ण आवळल्यावरचा तिचा व्यास सर्वांत बारीक भागापेक्षा कमी असला पाहिजे. पूर्ण आवळूनही सैल राहणारी ट्यूब निरुपयोगी.

उदाहरणार्थ, २.५ चौरस मिमीची वायर बाहेरून साधारण साडेतीन मिमी भरते. तिच्या सरळ जोडाला ३:१ ची ६ मिमी ट्यूब बरोबर बसते. बॅटरीच्या जाड केबलचा व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा आणि लांबीला ३.१४ ने भागा. पट्टी ३३ मिमी आली तर केबल साडेदहा मिमी. तिला १८ किंवा १९ मिमीची ३:१ घ्या. ती ६ मिमीपर्यंत आवळते आणि लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आधीच दाबलेला असला तरी बहुतेक वेळा त्याच्या चपट्या भागावरून जाते.

लांबीला कंजूषी नको. दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकवर किमान २० मिमी ट्यूब चढली पाहिजे. शिवाय तापल्यावर ती लांबीलाही थोडी आखडते, ५ ते १० टक्के धरून चला. २५ मिमीच्या जोडाला ७५ मिमीचा तुकडा कापा.

घेण्यापूर्वी एक तुकडा तापवून बघा. दोन्ही तोंडांशी गोंद बाहेर आला पाहिजे. थंड झाल्यावर ब्लेडने चिरून सोलायला गेलात तर ट्यूब वायरीला धरून राहिली पाहिजे. सहज सुटली तर तो माल बोटीवर नको. उन्हात राहणाऱ्या जोडांना काळी ट्यूबच घ्या, कारण पारदर्शक ट्यूब उन्हाने लवकर तडकते.

प्रश्न : लायटरने ट्यूब तापवली तर चालते का? – खलाशी, मिरकरवाडा

चालते म्हणून सगळेच करतात आणि निम्मे जोड त्यातच बिघडतात. लायटरची ज्योत एकाच बाजूला लागते. तिथली ट्यूब करपते, वायरीचे प्लास्टिक मऊ पडते आणि मागच्या बाजूचा गोंद वितळतच नाही. काजळी धरली की आत काय झाले ते दिसतही नाही. हीट गन वापरा, शक्यतो वाकड्या तोंडाचे नोझल लावून, म्हणजे गरम हवा मागूनही फिरते. बहुतेक ट्यूब १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण आवळतात. गनची हवा त्याहून खूप गरम असते, म्हणून गन सतत हलती ठेवा.

ट्यूब वायरीवर आधी चढवून लांब सरकवून ठेवा, मग क्रिम्पिंग करा, म्हणजे जोडाचा धातू पकडीने वायरीवर दाबून बसवा. वायर गोड्या पाण्याने पुसा, कोरडी करा, स्पिरिटचा बोळा फिरवा. डिझेलचा हात लागलेल्या वायरीला गोंद धरत नाही. मध्यापासून सुरुवात करून एका टोकाकडे जा, मग परत मध्यावरून दुसरीकडे. दोन्ही टोके आधी आवळली तर हवा मध्ये कोंडते आणि तिथे फुगवटा राहतो. दोन्ही तोंडांशी गोंदाचे बारीक कडे सगळीकडून दिसले की थांबा आणि थंड होईपर्यंत वायर हलवू नका.

ट्यूब उभी फाटली तर बहुधा कापताना कडेला चीर गेलेली असते, किंवा तांब्याची एखादी तार बाहेर टोचत असते. ट्यूब धारदार कात्रीने सरळ कापा. आणखी एक चूक नेहमी दिसते : एकाच ट्यूबच्या तोंडातून दोन वायरी काढणे. दोन गोल वायरींच्या मधल्या खाचेत गोंद पुरत नाही आणि पाण्याला तिथून वाट मिळते. प्रत्येक वायरीला स्वतंत्र ट्यूब घाला, जोड पुढेमागे ठेवा, मग वाटल्यास सगळ्यांवरून एक मोठी चढवा.

हे काम बंद खोलीत करू नका. तळातली डिझेल-पेट्रोलची वाफ, स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन, यांतले काहीही पेटू शकते. झाकणे उघडून हवा खेळू द्या, चार्जिंग बंद करा, बॅटरीची वायर सोडा आणि मगच गन चालू करा.

प्रश्न : क्रिम्पऐवजी डाग देऊन (सोल्डर करून) वर ट्यूब घातली तर?

नुसत्या डागावर भिस्त ठेवू नका. कथिल तारांमध्ये चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे तो संपतो तिथेच इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. योग्य मापाचा लग आणि चांगली क्रिम्पिंग पकड हेच बरे. साध्या पकडीने चेपलेला लग ओढून बघा, बऱ्याचदा हातात येतो.

प्रश्न : दोराची टोके उसवू नयेत म्हणून हीच ट्यूब वापरता येईल का? – मालवण

दोर कशाचा आहे त्यावर अवलंबून. नायलॉन २१५ अंशांच्या वर वितळतो, पॉलिएस्टर २५० च्या वर, त्यामुळे या दोघांना अडचण नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास वितळते. तिथे गन दूर धरून हळूहळू तापवा. एचडीपीई (एक प्रकारचे पॉलिथिलीन) मात्र १३० अंशांच्या आसपासच वितळते, म्हणजे ट्यूब आवळेपर्यंत दोराचे बाहेरचे धागे मऊ पडून एकमेकांना चिकटतात. मच्छीमारीत हा दोर खूप वापरतात, म्हणून मुद्दाम सांगतो : त्याला ट्यूब नको. डायनिमासारख्या (अतिमजबूत कृत्रिम धाग्याच्या) महाग दोरालाही नको, तोही १५० च्या आसपासच वितळतो आणि त्याची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होते. दोन्हींना जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने टोक घट्ट गुंडाळा आणि शेवटचे वेढे सुईने दोरातून शिवून घ्या.

नायलॉनच्या १२ मिमी दोराला १८ मिमीची गोंदवाली ३:१ ट्यूब, ४०–५० मिमी लांब, पुरेशी होते. आधी दोर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. ओल राहिली तर वाफ होऊन गोंद सुटतो. आत दोऱ्याचे वेढे घालाच, कारण ताण आला की दोर बारीक होतो आणि नुसती ट्यूब घसरून निघते. पुलीतून किंवा विंचवरून जाणाऱ्या टोकाला ट्यूब लावू नका, ती अडकते आणि फाटते.

नांगराच्या दोराच्या गुंफलेल्या फासावर तर कधीच नको. आत वाळू घासून धागे तुटत असतील तर ते बाहेरून दिसणार नाही आणि दोर नेमका वाऱ्यात तुटेल.

प्रश्न : व्हीएचएफ (बोटीवरच्या रेडिओच्या) अँटेनाच्या कनेक्टरवर कोणती ट्यूब बसते?

पीएल-२५९ कनेक्टर सुमारे १८ मिमी जाड आणि आरजी-५८ केबल फक्त ५ मिमी. एवढा फरक ३:१ ट्यूबला झेपत नाही. शिवाय केबलमधले पॉलिथिलीन जास्त तापले की आतली तार मध्यावरून सरकते. तिथे स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप निम्मा निम्मा चढवत, ताणून गुंडाळा. खालून वर गुंडाळत या, म्हणजे पाणी थरांवरून खाली उतरते. त्यावर उन्हासाठी साध्या काळ्या टेपचा एक थर द्या. कनेक्टर कधी उघडायचा झाला तर टेप कापून काढता येतो.